थोरल्यासाठी धाकटं: भ्रूणाची निवड, जनुकाची दुरुस्ती आणि आपली जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि घरात कोणाचंही एचएलए, म्हणजे ट्रान्सप्लांटसाठी जुळावी लागणारी पेशींची ओळखखूण, त्याच्याशी जुळत नाही. डॉक्टरांनी सुचवलंय की आयव्हीएफ करा, भ्रूण तपासून घ्या, आणि आजार नसलेलं व थोरल्याशी एचएलए जुळणारं दुसरं बाळ होऊ द्या, म्हणजे त्याच्याकडून रक्त तयार करणाऱ्या पेशींचा ट्रान्सप्लांट करता येईल. आईला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असं करणं बरोबर आहे का? उद्या याच वाटेने लोक हुशार, उंच, गोरी मुलं निवडायला लागले तर आपणही त्यांच्यातलेच का? आणि भ्रूण टाकून देण्याऐवजी क्रिस्परने, म्हणजे जनुक कापून बदलण्याच्या तंत्राने, दुरुस्तच का करत नाहीत?

मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते, आणि या प्रश्नांपैकी निदान पहिला तरी माझ्या टेबलावर नेहमी येतो. आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. घरात माहीत असलेल्या गंभीर आजारासाठी भ्रूण निवडणं मला गैर वाटत नाही. एचएलएसाठी निवडणं मला एका अटीवर मान्य आहे. ती अट पुढे येईलच. बुद्धी, उंची, रंग यासाठी निवड करून देतो म्हणणारा माणूस आज तरी जे विकतोय ते त्याच्याकडे नाही. आणि जनुक बदललेल्या भ्रूणापासून बाळ जन्माला घालणं सध्या कोणीही करू नये.

आता तुमच्या घरचं गणित. तुम्ही दोघंही मायनर, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेले वाहक, आजारी नव्हे. त्यामुळे प्रत्येक भ्रूणाला मेजर असण्याची शक्यता चारात एक, मायनरची चारात दोन, आणि काहीच नसण्याची चारात एक. मायनर भ्रूण चालतो. तुम्ही दोघं मायनर असूनच आयुष्य काढताय. म्हणजे चारातले तीन भ्रूण आजाराच्या दृष्टीने ठीक. पण एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आणि थॅलेसेमियात बिघडणारं बीटा-ग्लोबिनचं जनुक अकराव्यावर. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. सख्ख्या भावंडांत एचएलए जुळण्याची शक्यता चारात एक. दोन्ही अटी एकत्र केल्या की सोळात तीन उरतात. एका सायकलमध्ये, म्हणजे आयव्हीएफच्या एका फेरीत, पाचव्या दिवसापर्यंत टिकलेले सोळा भ्रूण क्वचितच मिळतात, आणि त्यातही वयानुसार काहींत गुणसूत्रांचे दोष निघतात. म्हणून अनेक जोडप्यांना दोन-तीन सायकल कराव्या लागतात आणि तरीही हाती काही न लागण्याची शक्यता असते. इंजेक्शनं, बीजं काढण्याची प्रक्रिया, अंडाशय फुगण्याचा धोका हे सगळं एकट्या आईच्या शरीरावर. सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना हे आधी सांगावं असं मला नेहमी वाटतं.

त्याच सोळातले नऊ भ्रूण निरोगी असतील, फक्त थोरल्याशी जुळणारे नसतील. माझ्या मते या प्रकरणातला खरा नैतिक पेच इथे आहे. मेजर असलेला भ्रूण बाजूला ठेवताना तुमच्याकडे एक कारण असतं: त्या बाळाला आयुष्यभर सुया आणि सतत रक्त चढवल्याने साचणारं लोह काढणारी औषधं सोसावी लागली असती. या नऊ भ्रूणांबाबतीत तसं काहीच कारण नाही. ते बाजूला राहतात ते दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाचे नाहीत म्हणून.

म्हणून मी जोडप्यांना एकच विचारते: जुळणारा भ्रूण मिळालाच नाही, तर यातलंच एखादं निरोगी बाळ तुम्हाला हवं आहे का? उत्तर "हो, दुसरं मूल तर हवंच होतं, जुळलं तर देवाची कृपा" असं असेल, तर मला पुढे जायला काही अडचण वाटत नाही. उत्तर "नाही, मग काय करायचंय" असं आलं, तर मी थांबवते. मनाई करायचा अधिकार मला नाही. पण अशा घरात येणाऱ्या बाळाकडून पुढे किती मागितलं जाईल, याची मला काळजी वाटते.

"एका मुलाला दुसऱ्याचं साधन करताय" असा आक्षेप तुम्हाला ऐकायला मिळेल. तो मी पूर्ण मान्य करत नाही. आपल्याकडे मुलं कशाकशासाठी होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. वंश चालावा म्हणून, थोरलीला सोबत म्हणून, सासूबाईंना नातू हवा म्हणून, म्हातारपणची काठी म्हणून. आजारी भावाचा जीव वाचावा हे कारण यातल्या बऱ्याच कारणांपेक्षा उजवं आहे. मूल का जन्माला घातलं यापेक्षा जन्मल्यावर त्याला कसं वागवलं, हे मी बघते.

आणि नेमकं तिथेच तपशिलात शिरावं लागतं. नाळेतलं रक्त घेताना बाळाला काहीही सोसावं लागत नाही. एरवी ते फेकूनच दिलं जातं. २००० मध्ये अमेरिकेत मज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असलेल्या मुलीसाठी असाच भाऊ जन्माला आला, आणि त्याच्या नाळेतलं रक्त तिला दिलं गेलं. पण थोरलं मूल मोठं झालेलं असेल तर नाळेतल्या पेशी कमी पडू शकतात. मग धाकट्याच्या कमरेच्या हाडातून, भूल देऊन, मज्जा काढावी लागते. अहमदाबादला २०१८ मध्ये अशाच पद्धतीने जन्मलेल्या मुलीकडून तिच्या थॅलेसेमिया असलेल्या भावाला मज्जा देण्यात आली, ती दीडेक वर्षाची असताना. प्रक्रिया बरीच सुरक्षित आहे, पण ती त्या बाळाच्या भल्यासाठी नसते, आणि होकार देणारे आईवडील दोन्ही मुलांचे असतात. त्यांच्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करणंच अन्याय्य आहे. त्यामुळे माझा आग्रह असतो की धाकट्याच्या बाजूने बोलणारा बालरोगतज्ज्ञ वेगळा असावा, ट्रान्सप्लांटच्या टीमबाहेरचा. शिवाय पहिला ट्रान्सप्लांट फसला तर पुन्हा त्याच बाळाकडून मज्जा घ्यायची का, हे बाळ पोटात असतानाच ठरवावं. आयसीयूच्या दारात नको.

एक व्यावहारिक गोष्ट. थॅलेसेमियात ट्रान्सप्लांट जितक्या लहान वयात आणि शरीरात लोह साचण्याआधी होईल तितका चांगला. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. कुटुंबाचा जनुकीय आराखडा तयार करणं, एक-दोन सायकल, नऊ महिने, मग बाळ पुरेसं मोठं होणं: यात दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर दात्यांच्या नोंदवहीत शोध घ्या, आणि अर्धं जुळणाऱ्या आईवडिलांकडून होणाऱ्या ट्रान्सप्लांटबद्दल तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टला स्पष्ट विचारा. तो पर्याय पूर्वीपेक्षा बराच सुधारला आहे. नियमित रक्त आणि नीट चिलेशन, म्हणजे लोह काढण्याचे उपचार, मिळालेली मुलं मोठी होऊन नोकऱ्या करतात, लग्नं करतात. "आता नाही तर कधीच नाही" असं कोणी म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. परदेशात याला घसरगुंडीचा युक्तिवाद म्हणतात, आणि तत्त्वज्ञ मंडळी त्यावर काल्पनिक उदाहरणं रचतात. आपल्याला कल्पना करायची गरज नाही. गर्भजल तपासणी भारतात सत्तरच्या दशकात आली ती गर्भातले दोष ओळखण्यासाठी. काही वर्षांतच मुंबईत तिचा मुख्य वापर मुलगी ओळखून पाडण्यासाठी होऊ लागला. आज थोडे पैसे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागत होत्या. स्त्री संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. गर्भधारणेआधीची निवडही त्यात आली ती २००३ च्या दुरुस्तीने, कारण तोवर शुक्राणू आणि भ्रूण पातळीवर मुलगा निवडून देणारे दुकान मांडून बसले होते. कायदा असूनही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात ८०७.

गंमत म्हणावी की दैव, पण भ्रूण तपासणीची सुरुवातच लिंग ओळखण्यातून झाली. १९९० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अ‍ॅलन हँडिसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा हे यशस्वी केलं, तेव्हा ती जोडपी अशी होती ज्यांच्या मुलग्यांना एक्स गुणसूत्रातून येणारे गंभीर आजार होण्याचा धोका होता. म्हणून मुलींचे भ्रूण निवडले. तेच तंत्र, तीच नळी, तेच सूक्ष्मदर्शक. तिथे त्यातून दोन घरांचं दुःख टळलं, इथे तेच हाती आल्यावर काय झालं ते वेगळं सांगायला नको. यावरून मी एवढंच समजते की तंत्र आपोआप घसरत नाही. समाजाची मागणी आधीपासून ज्या बाजूला कललेली असते, तिकडे ते जातं. आपल्याकडे ती मुलग्याकडे कललेली होती. उद्या गोरेपणाकडे आणि प्रवेश परीक्षेच्या गुणांकडे कलेल, यात मला शंका नाही. लग्नाच्या जाहिराती वाचा.

म्हणूनच आपल्या कायद्यातली रेषा मला पटते. २०२१ च्या सहाय्यित प्रजनन कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी ज्ञात, आधीपासून असलेल्या, आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. लिंगनिवड बंद, अपवाद फक्त लिंगाशी जोडलेल्या आजारांचा, म्हणजे हिमोफिलिया किंवा ड्युशेन स्नायुक्षयासारख्या. तुमच्या अहवालातही लिंग लिहिलेलं नसेल, आणि ते विचारूही नका.

तरीही "परदेशात जाऊन करून येतो" म्हणणारे असतात. अमेरिकेत काही कंपन्या भ्रूणांना गुण देतात: मधुमेहाचा धोका इतका, उंची इतकी, बुद्धीचा अंदाज इतका. थॅलेसेमियात एक जनुक, एक बिघाड, एक आजार असतो. उंची किंवा बुद्धीत हजारो जागी विखुरलेल्या बारीक फरकांची बेरीज असते, आणि त्यावर घर, शाळा, पोषण, नशीब यांचा थर. २०१९ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शाय कार्मी यांच्या गटाने हिशेब मांडला, की एकाच जोडप्याच्या भ्रूणांतून सर्वाधिक गुणांचा भ्रूण निवडला तर सरासरीपेक्षा फायदा होतो तो साधारण अडीच सेंटिमीटर उंचीचा किंवा अडीच आयक्यू गुणांचा. मग त्यांनी मोठ्या झालेल्या भावंडांची खरीखुरी २८ मोठी कुटुंबं तपासली. जनुकीय गुणांत पहिलं आलेलं भावंड प्रत्यक्षात सर्वात उंच निघालं ते फक्त ७ कुटुंबांत. शिवाय या गुणांमागची माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची. सातारच्या किंवा सोलापूरच्या जोडप्याला ती लावली की उरलासुरला नेमकेपणाही जातो. युरोपातल्या मानवी जनुकशास्त्र संस्थेने २०२१ मध्ये ही पद्धत सिद्ध न झालेली आणि अनैतिक आहे असं स्पष्ट म्हटलं. माझा राग मात्र आकड्यांच्या कमकुवतपणापुरता नाही. ज्या मुलासाठी वीस लाख मोजून "हुशार" भ्रूण निवडला, ते दहावीला साठ टक्के घेऊन घरी आलं की त्याचं काय होणार, याचा विचार करा. थॅलेसेमियासाठी निवडलेल्या बाळावर असलं कर्ज नसतं. त्याला फक्त निरोगी असायचं होतं, आणि ते जन्मतःच फिटलं.

या चर्चेत ज्यांचा आवाज क्वचित ऐकू येतो त्यांच्याबद्दल. डाउन सिंड्रोमच्या मुलांचे पालक मला विचारतात, "तुम्ही असली मुलं जन्मालाच येऊ नयेत म्हणून काम करता ना?" गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांशी बोलताना हाच सूर निघतो. २०२३ मध्ये सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली. हेतू चांगला आहे, तपासणी हवीच. पण वाहक असल्याचं कळल्यावर लग्न मोडतं ते बहुधा मुलीचं. आजारासाठी निवड करणं मान्य असेल, तर ते जन्मलेल्यांच्या औषधांची, रक्ताची, शाळेची सोय वाढवत वाढवतच मान्य होऊ शकतं. "आता तपासणी आहे, मग तुम्ही असं मूल होऊच का दिलं" असं कोणी आईला विचारू लागलं की निवडीचा हक्क संपला, सक्ती सुरू झाली.

घरातही ही सक्ती दिसते. आजार दोघांकडून येतो, पण खोलीत शिरताना मान खाली असते ती सुनेची. म्हणून मी प्रत्येक स्त्रीशी एकदा तरी एकटीने बोलते. काहींना आयव्हीएफ नको असतं. त्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात सीव्हीएस, म्हणजे वारेचा छोटा नमुना घेऊन गर्भाची तपासणी, करून घ्यायला तयार असतात. काहींनी आधी एक गर्भपात सोसलेला असतो आणि तो पुन्हा नको असतो. दोन्ही निर्णय शहाणे आहेत. लक्षात ठेवा, भ्रूण तपासणीनंतरही सीव्हीएस करून खात्री करायचीच, कारण तपासणी बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशींवर होते आणि चूक होऊ शकते.

आता क्रिस्पर. "टाकण्याऐवजी दुरुस्त करा" हे ऐकायला माणुसकीचं वाटतं. पण तुमच्या चारातले तीन भ्रूण आधीच ठीक आहेत. निरोगी भ्रूण हाताशी असताना आजारी भ्रूणावर कात्री चालवायची, आणि ती कुठे कुठे चालली हे बाळ जन्मल्यावर बघायचं, याला उपचार म्हणता येत नाही. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०२० मध्ये भ्रूणांतलं अंधत्वाशी संबंधित जनुक दुरुस्त करायचा प्रयोग झाला, तेव्हा बऱ्याच भ्रूणांत त्या गुणसूत्राचा मोठा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्रच नाहीसं झालेलं आढळलं. दुसरी अडचण म्हणजे भ्रूणातल्या काही पेशी बदलतात, काही नाही. पाच पेशी काढून तपासल्या आणि त्या ठीक निघाल्या, तरी उरलेल्यांची हमी कोण देणार?

हे सगळं माहीत असूनही चीनमधल्या शेनझेनचे संशोधक हे जियानकुई यांनी ते केलंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की सीसीआर५ जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत, हेतू काय तर त्यांना एचआयव्ही होऊ नये. वडील एचआयव्हीबाधित होते, आई नव्हती. अशा जोडप्यांत शुक्राणू धुऊन संसर्ग टाळता येतो, आणि तसं त्यांनी केलंही होतं. म्हणजे त्या मुलींना ज्या धोक्यातून वाचवायचं तो आधीच टळलेला. काही लोकांना एचआयव्हीपासून वाचवणाऱ्या ज्या नैसर्गिक बदलाची नक्कल करायची होती ती हुबेहूब साधलीच नाही, आणि एका मुलीत तर जनुकाची एकच प्रत बदलली. डिसेंबर २०१९ मध्ये चिनी न्यायालयाने त्यांना तीन वर्षं कैद आणि तीस लाख युआन दंड ठोठावला. शिक्षा भोगून ते बाहेरही आले. त्या मुलींना मात्र त्या बदलांसह आयुष्य काढायचं आहे, आणि पुढे मुलं झाली तर त्यांनाही.

खरी गरज असलेली जोडपी अगदीच नसतात असं नाही. सिकलसेलच्या दोन रुग्णांनी एकमेकांशी लग्न केलं, तर निवडायला निरोगी भ्रूणच नसतो. रशियातल्या डेनिस रेब्रिकोव्ह यांनी २०१९ मध्ये जन्मतः बहिऱ्या जोडप्यांसाठी असा प्रस्ताव मांडला होता, कारण दोघांतही एकाच जनुकाचा दोष होता. पण बहिरेपणा हा असा आजार आहे का, की ज्यासाठी न जन्मलेल्या बाळावर पहिला प्रयोग करावा? खूणभाषेत जगणारी, लिहिणारी, शिकवणारी माणसं आपल्याभोवती आहेत. सिकलसेलच्या बाबतीत माझं मत थोडं मऊ आहे. तंत्र कधी खरंच सुरक्षित झालं, तर अशा मोजक्या जोडप्यांसाठी दार कायमचं बंद ठेवावं असं मी म्हणणार नाही. आज आपल्याकडे आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते बंद आहे, आणि ते योग्य आहे.

तुमच्या थोरल्यासाठी मात्र क्रिस्परचं दुसरं रूप महत्त्वाचं आहे. रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत द्यायच्या. बदल त्याच्यापुरता, पुढच्या पिढीत जात नाही, आणि मोठा झाल्यावर तो स्वतः होकार देऊ शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्हींसाठी अशा पहिल्या उपचाराला, कॅसजेव्हीला, परवानगी दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे, म्हणजे आपल्यासाठी सध्या तो नसल्यासारखाच. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संशोधन संस्थेने सिकलसेलसाठी देशी उपचार विकसित करायला घेतला आहे. त्यावर भरवसा ठेवून आज काही थांबवू नका, पण मुलाचं लोह ताब्यात ठेवा. असा उपचार उद्या परवडू लागला तर ज्याचं यकृत आणि हृदय शाबूत आहे त्यालाच तो घेता येईल.

क्लिनिकमध्ये सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागा. जास्तीत जास्त किती सायकल करायच्या आणि कोणत्या टप्प्यावर थांबायचं. निरोगी पण न जुळणाऱ्या भ्रूणांचं काय करायचं. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतात. आणि तुम्हा दोघांपैकी कोणाचा विचार बदलला तर प्रक्रिया कशी थांबेल. हे विचारल्यावर क्लिनिक त्रासलं तर दुसरं शोधा.

आणखी एक, त्याला ना आयव्हीएफ लागतं ना वाद. तुम्हा दोघांच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला मायनर असण्याची शक्यता किमान निम्मी आहे. मायनर ओळखणारी एचपीएलसी ही रक्ततपासणी काही शे रुपयांत होते. ज्यांची लग्नं व्हायची आहेत किंवा पाळणा हलायचा आहे, त्यांची या महिन्यात करून घ्या, आणि भावांचीही करा, नुसती बहिणींची नाही.